उजव्या बाजूचा तांबडा लाईट

दोरा दातांनी तोडायची सवय मला शिवणकाम शिकले तेव्हापासूनची. कात्री हाताशी पडलेली असली तरी हात मशीनवर आणि दोरा तोंडात, हे ठरलेलं. पिंपरी पेंढारला आमच्या घराच्या पडवीत मी ब्लाऊज शिवते. एका दुपारी अस्तराची हातशिलाई संपवली, दोरा दातात धरून झटका दिला आणि दोऱ्याऐवजी दातच हलला. जिभेनं चाचपून बघितलं. वरचे पुढचे दोन्ही दात सैल झाले होते आणि दोऱ्याच्या टोकाला रक्त लागलं होतं.

मी काही भित्री बाई नाही. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, त्याला आम्ही वाघच म्हणतो, आणि तरी दिवस मावळताना मोटर बंद करायला मी एकटी बॅटरी घेऊन जाते. माहेर माझं डिंभ्याचं, धरणाच्या काठावरचं. तिथं पाण्याची भीती लहानपणीच मोडते. पण वाघाला हाकारा घालता येतो, पाण्यात हातपाय मारता येतात. स्वतःच्या तोंडातल्या दाताला काय करणार? मी आरशापुढं उभी राहिले. बोळक्या तोंडाच्या बाईकडं कोण माप द्यायला येईल, असला काहीतरी वेडा विचार मनात आला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी नेहमीचा उपाय सांगितला.

“मशेरी जरा दाबून लाव. हिरड्या घट्ट व्हत्यात.”

मशेरी आमच्या घरात मिठासारखी. दर थोड्या दिवसांनी आत्या तव्यावर पानं टाकायच्या, काळी होईस्तोवर भाजायच्या, खलून पूड करायच्या आणि डब्यांत भरायच्या. भाजताना अख्खं घर खोकायचं, रस्त्यानं जाणारासुद्धा खोकत खोकत म्हणायचा, “मावशी, आमालाबी ठेवा बरं का!” सकाळी उठल्यावर आणि दोन्ही जेवणांनंतर तर्जनीवर चिमूट घ्यायची आणि दातांवर घासत बसायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला मशेरी माहीत नव्हती. नवी नवरी, दाढ ठणकायला लागली आणि लाजेनं कुणाला सांगवेना. आत्यांनीच ओळखलं. मला मागच्या दारी नेलं, स्वतःच्या बोटानं माझ्या हिरडीवर मशेरी चोळली आणि मला गरगरलं तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी मला माझी स्वतःची डबी मिळाली. सासरी मला पहिल्यांदा कुणी जवळ घेतलं ते असं.

तर मी मशेरी दाबून लावली. दात काही घट्ट झाले नाहीत.

गणपती उठल्यावर कळलं की शहरातल्या एका दातांच्या कॉलेजनं जुन्नरला खोली घेऊन केंद्र उघडलंय, तिथं डॉक्टर येतात आणि हिरड्यांच्या रोगावर कसलंसं संशोधन चाललंय. संशोधन म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, “म्हंजी तू उंदीर का?” आमचे मालक पिकअपमधून टोमॅटोचे क्रेट बाजाराला नेतात. ते म्हणाले, “उंदीर तर उंदीर. दात तरी कुरतडायला ऱ्हातील.” आमच्या घरात दुःखावर असंच बोलतात. मी एसटीत बसले आणि लेण्याद्रीचा डोंगर दिसायला लागला. गिरिजात्मजाला एसटीतूनच हात जोडले.

डॉक्टरीण अगदी तरुण होती, शहरात वाढलेली, शिकत होती अजून. मला मावशी म्हणाली, ते मला आवडलं नाही. पण हात हलका होता तिचा. एका बारीक खुणा केलेल्या सळईनं तिनं प्रत्येक दाताभोवती हिरडी किती सुटलीय ते मोजलं. मग समजावून सांगितलं. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खिसे झालेत, त्या खिशांत जंतू बसलेत. आधी सगळे दात नीट साफ करायचे. मग एका बाजूच्या खिशांत निळा रंग सोडायचा, थोडं थांबायचं आणि त्यावर तांबडा उजेड टाकायचा. रंग जंतूंना धरतो, उजेड पडला की त्या रंगामुळंच जंतू मरतात. नुसत्या रंगानं काही होत नाही, नुसत्या उजेडानंही नाही.

“म्हंजी खडूनं खूण करायची आन मंग कात्री चालवायची,” मी म्हटलं.

ती हसली. “बरोबर. पण हे नुसत्या सफाईपेक्षा जास्त उपयोगी पडतं का, तेच आम्हाला बघायचंय. म्हणून तुमच्या तोंडाच्या एका बाजूला लाईट लावणार, दुसऱ्या बाजूला फक्त सफाई. कुठली बाजू ते चिठ्ठीनं ठरेल. शेवटी लाईटची बाजू जास्त चांगली निघाली, तर दुसऱ्या बाजूलाही लावून देऊ.”

मग तिनं विचारायचं ते सगळं विचारलं. साखर आहे का, बीपी आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत, दिवस गेलेत का. या शेवटच्या प्रश्नाला मी तोंडाला पदर लावला. आणि तिनं विचारलं, तंबाखू खाता का?

“छ्या! आमच्यात बाया तंबाखू न्हाई खात.”

खोटं बोलले नाही मी. तंबाखू म्हणजे पुड्या, चुना, तळहातावर मळणं, भिंतीवर पिचकाऱ्या. ते पुरुषांचं. मशेरी ही दात घासायची वस्तू. तिनं दात कशानं घासता असं विचारलं असतं, तर मी सरळ सांगितलं असतं.

चिठ्ठीत उजवी बाजू निघाली.

लाईट लावला त्या दिवशी मी किती भ्याले ते मालकांनाही कळू दिलं नाही. डोळ्यांवर जाड गॉगल चढवला, तसला तिनंही घातला. निळा रंग हिरडीत गेला तेव्हा गार लागला. मग पेन्सिलीच्या टोकाएवढी कांडी एकेका दातापाशी टेकवून ती मनात आकडे मोजायची. गॉगलमधूनही कळत होतं, माझ्या तोंडात काहीतरी तांबडं पेटलंय. आमच्याकडं वाघ घराजवळ येऊ नये म्हणून गोठ्यावर लाल लाईट लावतात, रात्रभर लुकलुकत असतात. मला वाटलं, तसलाच एक माझ्या जबड्यात लावलाय. दुखलं मात्र अजिबात नाही. घरी आले तेव्हा थुंकी निळी पडत होती. आत्यांनी बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“डिस्को लावला का गं तोंडात?”

पुढच्या काही आठवड्यांत उजवीकडचं रक्त थांबलं. पुढच्या दोन दातांतला एक उजव्या बाजूचा आणि एक डाव्या बाजूचा, म्हणजे एकाला लाईट मिळाला आणि त्याच्या शेजाऱ्याला नुसती सफाई. उजवा बराच घट्ट झाला. डावा थोडा सुधारला, पण हलायचाच. मी रोज जिभेनं दोघांची चौकशी करायची. डॉक्टरणीला म्हटलं, डावीकडं पण लावून टाका की आत्ताच. ती म्हणाली, “तुम्हाला उजवी बरी वाटते, पण सगळ्यांचं मोजून झाल्याशिवाय मला तसं म्हणता येणार नाही.” मला राग आला. माझ्या तोंडातलं मला कळत नाही का? पण बोलले नाही, हत्यारं तिच्या हातात होती.

दिवाळीच्या सुमाराला घरात दुसरंच भांडण चालू होतं. आत्यांना माझी आमटी तिखट लागायला लागली होती. इतकी वर्षं माझ्या हातचा ठेचा खाणारी बाई, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणायची आणि ताट बाजूला सारायची.

“लई जहाल करतीस. मानसानं खायाचं का न्हाई?”

मी मसाला कमी केला, तरी तेच. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या, त्याही एका कोपऱ्यात तोंड फिरवून. मला तो सरळसरळ माझ्या माहेरच्या मसाल्यावरचा राग वाटला. मी म्हटलं, “तुमच्या लेकीच्या हातचं गोड लागंल तुमाला, जावा तिकडं चार दिवस.” त्या काही बोलल्या नाहीत. आत्या बोलल्या नाहीत म्हणजे मी जिंकले, असं मला वाटलं.

संक्रांत झाली आणि मी तपासणीला गेले. उजवी बाजू बघून डॉक्टरीण खूश झाली. मग तिनं आरशानं माझा डावा गाल बाहेर ओढला, अगदी खालच्या हिरडीपर्यंत. दिवा जवळ घेतला. कापसानं तिथं पुसलं. पुन्हा पुसलं. खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाला डॉक्टरचा चेहरा फार जवळून दिसतो. तिचा बदललेला मी बघितला.

“मावशी, इथं तुम्ही काय ठेवता?”

“काय न्हाई.”

“रोज काहीतरी लागतंय या जागेला. पांढरा चट्टा आलाय, पुसून जात नाहीये.”

मला खरंच आठवेना. मग माझ्या उजव्या हाताचं बोट आपोआप तोंडाकडं गेलं आणि बरोबर त्या जागी टेकलं. उजव्या हाताचं बोट डाव्या गालात नीट बसतं.

“मशेरी लावते की मी,” मी म्हटलं.

“मशेरी म्हणजे?”

मी सांगितलं. पानं, तवा, खल, सगळं. तिनं विचारलं, कसली पानं? मी म्हटलं, तंबाखूची. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

ती चिडली नाही. उठली आणि बाहेर गेली, बाकड्यावर सात-आठ बाया बसल्या होत्या, याच संशोधनातल्या, ओतूर, आळे, कुठल्या कुठल्या. दार उघडं होतं. तिनं विचारलं, “तुमच्यापैकी मशेरी कोण लावतं?” आणि सगळ्यांचे हात वर झाले. एकीनं तर अभिमानानं सांगितलं, “मी तर धा वर्साची व्हते तवापास्नं लावते, डॉक्टर.” डॉक्टरीण तिथंच स्टुलावर बसली. तंबाखूवाल्या बायकांना यात घ्यायचंच नव्हतं तिला, आणि तिच्याकडं दुसरं कुणी नव्हतंच. एरवी मला हसू आलं असतं. पण मी खुर्चीत आडवी, गालात कापूस, आणि आढ्याकडं बघत होते.

ती परत आली तेव्हा मी तिचा हात धरला. “बाई, त्यो लाईट लावा ना हितं. डाव्या बाजूला. उजवीकडं कसं झ्याक झालं. त्या डागालाबी लावा.”

“हा लाईट जंतूंसाठी आहे, मावशी. हा चट्टा जंतूंचा नाही. तो काय आहे ते आधी कळायला हवं, त्यातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू.” मग विचारलं, “तिथं झोंबतं का? तिखट खाल्लं की आग होते? घास गिळताना दुखतं?”

“न्हाई.”

“नाही ना? चांगलं आहे.” तिनं सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. पण मला त्या श्वासाचाही धीर वाटला नाही. मी विचारलं, कॅन्सर हाय का? ती म्हणाली, आत्ता काहीच सांगता येत नाही. शिकलेल्या माणसांचं हे वाक्य फार वाईट असतं.

तुकडा काढला, टाका घातला. तो टाका मी जिभेनं चाचपला आणि मनात आलं, हिची शिलाई बारीक आहे. भीतीत माणसाला काहीही सुचतं.

अहवाल यायला वेळ लागणार होता. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ब्लाऊज शिवायला घ्यायची आणि बाही उलटी जोडायची. आरसा दिसला की पदर टाकायची. टीव्हीवर ती तोंडाच्या कॅन्सरची जाहिरात लागली की मालक उठून चॅनल बदलायचे आणि मग उगाच क्रिकेट बघत बसायचे. त्यांनी विनोद करायचं बंद केलं, तेव्हा मी जास्तच घाबरले. मशेरीची डबी मी मोरीवरच्या कोनाड्यात ठेवून दिली होती. जेवण झालं की बोट शिवशिवायचं, डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची आणि त्या डबीकडं बघितलं की भीती वाटायची. माझ्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. मी नसले तर तिला डिंकाचे लाडू कोण करील, यापुढं माझा विचार जायचा नाही. तिथंच अडकून मी रडायची.

त्या दिवसांत आत्यांनी तव्यावर मशेरी भाजली नाही. मी म्हटलं, तुमची संपली असंल, माझ्यासाठी थांबू नका. त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. वास नको घरात.” मला वाटलं, माझी दया येते त्यांना. एकदा मी चुलीपाशी रडत होते तर मागून आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुला काय व्हत न्हाई. म्या सांगते.” मी फटकन बोलले, “तुमी काय डॉक्टर हाय का?”

बोलावणं आलं त्या दिवशी मालकांनी बाजार सोडला आणि पिकअपमधून मला जुन्नरला नेलं. लेण्याद्रीचा डोंगर आला तेव्हा दोघांनीही तिकडं बघितलं. डॉक्टरणीनं दारातच माझा चेहरा बघितला असणार, कारण बसायच्या आधीच ती म्हणाली, “कॅन्सर नाहीये.”

पुढचं बरंच सांगत होती. पेशी बदलायला सुरुवात झालीय, मशेरी कायमची बंद, दर थोड्या महिन्यांनी येऊन दाखवायचं, टाळाटाळ चालायची नाही. संशोधनातून माझं नाव काढावं लागेल, पण माझ्या हिरड्यांचे उपचार ती सोडणार नाही. बाकीच्या सगळ्या बायांचंही तोंड तिनं नव्यानं तपासलं होतं. मी फक्त मान हलवत होते. मालक बाहेर जाऊन पिकअपच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा बघितलं.

येताना ओतूरला पेढे घेतले. दुपारची वेळ, आत्या पडवीत माझ्या मशीनशेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि पाया पडले.

“चांगलं निघालं आत्या. न्हाई काय.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग मी भांडायच्या तयारीनं म्हटलं, “आता तुमीबी सोडायची मशेरी. मी तुमचं काय ऐकनार न्हाई.” आत्यांनी कनवटीला हात घातला, स्वतःची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. काही कुरकुर नाही, उलट उत्तर नाही. डबी रिकामी होती आणि आतून धुऊन ठेवलेली होती.

“बॅटरी आन,” त्या म्हणाल्या.

“बॅटरी? आत्ता दिवसाउजेडी?”

“आन तर.”

मोटरीला जाताना नेते ती मोठी बॅटरी मी आणली. आत्या उजेडाकडं पाठ करून बसल्या, पदर खाली घेतला आणि तोंड उघडलं. पुरतं उघडेना. दोन बोटं जेमतेम गेली असती. मी डॉक्टरणीनं माझा ओढला होता तसा त्यांचा डावा गाल बोटानं ओढला. माझ्यासारखा पांढरा चट्टा नव्हता तिथं. खालच्या हिरडीपासून गालावर चढलेली जखम होती, कडा वर आलेल्या, मध्ये खोल आणि लाल. हात लागला तशा आत्या कळवळल्या.

आमटी. दुधातली भाकरी. कोपऱ्यात तोंड फिरवून जेवणं. तिखट खाल्लं की आग होते का, असं डॉक्टरीण मला विचारत होती आणि मी न्हाई न्हाई म्हणत होते.

“कवापास्नं हाय हे?” मी विचारलं.

“दिवाळीच्या आदीपास्नं.”

“आन बोलला का न्हाई, आत्या? मी सारखी जात व्हते तितं, बोलला का न्हाई?”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पेढा अजून त्यांच्या हातातच होता, खाल्लेला नव्हता.

“आदी वाटलं, उन्हानं तोंड आलं आसंल. मंग तुझं निगालं. म्हणलं, तुझा कागुद येऊ दे आदी. दोघींचं एकदम निगालं आसतं, तर पोरानं कुनाकडं बगायचं?”

अंगणात मालक पिकअपमधून रिकामे क्रेट उतरवत होते आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत होते. मी आत्यांसमोर खाली बसले. माझी भीती संपली असं समजून मी आले होते, आणि ती इथं, माझ्याच मशीनशेजारी, महिनोन्महिने बसून होती.

आत्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“त्यो तांबडा लाईट दुकत न्हाई म्हनतीस न्हवं?”

“न्हाई. आजाबात न्हाई दुकत.”

“मंग माझ्याबी तोंडात लावतील का त्यो?”

बॅटरी अजून माझ्या हातात चालूच होती. तिचा उजेड त्यांच्या गालावर पडत होता. तो लाईट कशासाठी असतो आणि कशासाठी नसतो, ते आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

“लावतील की, आत्या,” मी म्हटलं. “उंद्याच जाऊ.”